सी-अ‍ॅक्सिस, वाय-अ‍ॅक्सिस की सब-स्पिंडल? लाइव्ह टूलिंगवाली सीएनसी घ्यायचीय, अनुभव सांगा

भोसरी_वर्कशॉप
नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं छोटं टर्निंगचं वर्कशॉप आहे, २ साध्या दोन-अ‍ॅक्सिसच्या सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथ), १ व्हीएमसी (उभं मिलिंग मशीन) आणि १ पिलर ड्रिल. आता तिसरी सीएनसी घ्यायचीय आणि ती लाइव्ह टूलिंगवाली (लेथवरच फिरत्या टूलने ड्रिल-टॅप मारणारी) घ्यायची हे पक्कं केलंय, पण गेले २ महिने कोटेशनं वाचून वाचून डोकं भणभणतंय, कोण म्हणतं नुसता सी-अ‍ॅक्सिस (जॉब हव्या त्या अंशाला फिरवणारा) पुरे, कोण म्हणतं घेतोयस तर वाय (टूल सेंटरच्या बाजूला सरकवणारा) आणि सब-स्पिंडल (जॉबची मागची बाजू करायला समोरचं दुसरं स्पिंडल) दोन्ही घे नाहीतर नंतर पस्तावशील.

जॉब सांगतो. ईएन ८ स्टीलचा हब आहे, ओडी (बाहेरचा व्यास) ६२ एमएम, लांबी ४८, बोअर (मधलं भोक) २५, टॉलरन्स एच ७. एका फेसला पीसीडी (भोकांच्या वर्तुळाचा व्यास) ४६ वर एम ६ चे ४ टॅप आणि ओडीवरून ५ एमएमचं एक आडवं भोक, ते दोन टॅपांच्या बरोबर मध्ये ४५ अंशावर यायला पाहिजे. महिन्याला ४००० नग. सध्या ऑप १० (पहिलं ऑपरेशन) सीएनसीवर २ मिनिटं १० सेकंद, ऑप २० (दुसरं ऑपरेशन) दुसऱ्या सीएनसीवर दीड मिनिट, मग व्हीएमसीवर ड्रिल-टॅप १ मिनिट ५० सेकंद आणि शेवटी पिलर ड्रिलवर जिग लावून आडवं भोक ५० सेकंद. म्हणजे एक हब ४ वेळा पकडला जातो. रिजेक्शन सगळं टॅपच्या पोझिशनला आणि त्या ४५ अंशाला जातं. पार्टीने मागच्या महिन्यात एक अख्खी बॅच परत पाठवली, दोन रात्री बसून सगळे नग गेजवर सॉर्ट केले, माझा धाकटा भाऊ आणि मी. त्या रात्रीच ठरवलं की हे आता एकाच पकडीत झालं पाहिजे.

बजेट हप्त्यावर आहे त्यामुळे उगाच जास्तीचं काही नकोय, पण कमीही पडायला नको. कोणी असं मशीन रोज चालवत असेल तर कृपया मोकळेपणाने सांगा.

वाळूज_बारफीडर
दादा थेट सब-स्पिंडल घ्या. आमच्याकडे २२ च्या बारमधले फिटिंग्ज चालतात, बार आत जातो आणि पूर्ण जॉब बाहेर येतो, मध्ये माणसाचा हात लागत नाही. तिसरी शिफ्ट बिनमाणसाची चालते. एकदा घेतल्यावर मागे वळून बघितलं नाही.

सातपूर_टर्निंग
२२ चा बार आणि ६२ चा बार यात फार फरक आहे हो. ६३ चा ३ मीटर बार म्हणजे ७३ किलोच्या आसपास वजन. तो बारफीडरमध्ये (बार आपोआप पुढे ढकलणाऱ्या यंत्रात) घालायचा तर ब्राइट बार किंवा पील्ड बार लागेल, सरळ पाहिजे, टोकाला चॅम्फर पाहिजे, काळा बार चालणार नाही, थरथर सुरू झाली की स्पिंडलचे आरपीएम निम्मे करावे लागतात. मटेरियलच्या किलोमागे जो फरक पडतो तो पार्टी देणार आहे का ते आधी विचारा. आणि स्पिंडलमधून ६५ चा बार आरपार जायला पाहिजे म्हणजे मशीन एक साइज मोठं आलं.

भोसरी_वर्कशॉप
सध्या आम्ही बँडसॉवर कापलेले तुकडेच लावतो. बारचा विचारच केला नव्हता.

शिरोलीकर
भोसरीकर, जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा. शिरोली एमआयडीसीत माझ्याकडे एक सी-अ‍ॅक्सिसवालं आणि एक सब-स्पिंडलवालं असं दोन्ही आहे, त्यामुळे कुणाचीच बाजू घ्यायचं कारण नाही.

पहिली गोष्ट, सब-स्पिंडल म्हटलं की सगळ्यांना वाटतं दोन स्पिंडल म्हणजे दुप्पट माल. तसं नसतं! टरेट (टूलं बसवलेली फिरती चकती) एकच असेल तर तो एका वेळी एकाच स्पिंडलवर काम करतो. मेनवर टर्निंग चाललंय तेव्हा सबवरचा जॉब नुसता वाट बघतो. दोन्हीकडे एकदम काम व्हायला दोन टरेट लागतात आणि ते मशीन तुमच्या बजेटच्या बाहेरचं आहे. एका टरेटवर सायकल टाइम एकापुढे एक जोडला जातो, कमी होतं ते फक्त लोडिंग-अनलोडिंग.

आता तुमच्याच आकड्यांवर हिशोब करू. तुमच्या चारही ऑपरेशनची बेरीज ३८० सेकंद. सब-स्पिंडलवर लोडिंग वाचलं, काही वेळ इकडेतिकडे कमी झाला, तरी ३२० च्या खाली येईल असं मला वाटत नाही. ४००० नगांना ३२० सेकंद म्हणजे ३५५ तासांच्या वर. महिन्याचे २६ दिवस, २ शिफ्ट, ८ तास म्हणजे ४१६ तास, त्यात इन्सर्ट बदलणं, सेटिंग, चहा, लाइट जाणं सगळं धरून ८५ टक्के पकडा, मिळतात ३५३. म्हणजे एवढं महागडं मशीन घेऊन एकाच जॉबला महिना पुरत नाही, दुसरं काम घालायला जागा शून्य.

आता दुसरी पद्धत बघा. ऑप १० आत्ता आहे तिथेच, तुमच्या जुन्या सीएनसीवर राहू दे. लोडिंग धरून अडीच मिनिटं, ४००० नगांना १६७ तास, एका शिफ्टमध्ये बसतं. ऑप २० मात्र नव्या मशीनवर, आणि त्याच पकडीत ४ ड्रिल, ४ टॅप आणि आडवं भोक. लोडिंगसकट ४ मिनिटं धरा. ४००० नगांना २६७ तास. दोन शिफ्टमधले ८० हून जास्त तास शिल्लक राहतात. दोन्ही मशीनं समोरासमोर लावलीत तर एकच माणूस दोन्ही सांभाळतो, कारण इकडे ४ मिनिटांची सायकल चालू असताना तिकडे लोड करायला भरपूर वेळ असतो. व्हीएमसी आणि पिलर ड्रिल मोकळी होतात ती वेगळीच.

पण यात एक बदल करा, नाहीतर एवढं करून पोझिशन तिथेच राहील. बोअर २५ एच ७ आत्ता कुठे फिनिश करता? ऑप १० मध्ये करत असाल तर तिथे फक्त रफ ठेवा आणि फिनिश बोअर ऑप २० मध्ये टॅपसोबत करा. ड्रॉइंगवर टॅपची पोझिशन बोअरला धरून दिलेली असणार. बोअर, फेस, टॅप आणि आडवं भोक एकाच पकडीत झालं की सॉफ्ट जॉमध्ये (चकच्या मऊ जबड्यांत) जॉब दोन-तीन शतांश इकडेतिकडे बसला तरी त्यांचं एकमेकांशी नातं बिघडत नाही.

भोसरी_वर्कशॉप
काका, मनापासून आभार! बोअर ऑप १० मध्येच फिनिश होतो, तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत. ड्रॉइंग परत काढून बघितलं, पोझिशन ०.१५ आहे आणि डेटम ए (मोजमापाचा संदर्भ) म्हणजे बोअरच. इतके दिवस आम्ही व्हीएमसीच्या फिक्स्चरला दोष देत होतो.

मग वाय-अ‍ॅक्सिसची गरज नाही ना? तेवढेच पैसे वाचतील.

प्रॉडक्शनवाली
या हबपुरती गरज नाही. फेसवरचे टॅप सी-अ‍ॅक्सिसने फिरवून होतात, आडवं भोक सेंटरमधून जातंय तेही होतं. पण दादा, फक्त आजच्या एका जॉबवर ठरवू नका. तुमच्याकडे येणारे किंवा यायची शक्यता असलेले सगळे ड्रॉइंग टेबलवर पसरा आणि ३ गोष्टी शोधा. ओडीवरचं एखादं आडवं भोक सेंटरपासून बाजूला आहे का? टॉलरन्सवाला की-वे किंवा स्लॉट आहे का? ओडीवर रुंद फ्लॅट आहे का? फ्लॅट तर वायशिवायही निघतो, फॅनुक कंट्रोलवर जी १२.१ ने एक्स आणि सी मिळून सरळ रेषा काढतात, पण सेंटरजवळ सी-अ‍ॅक्सिसला फार वेगात फिरावं लागतं आणि फिनिशला लाटा येतात. की-वे नुसत्या कटरच्या साइजने पाडला तर रुंदी कटरवर अवलंबून, कटर झिजला की स्लॉट लहान. वाय असेल तर लहान कटर घेऊन दोन्ही भिंती वेगवेगळ्या फिनिश करता येतात आणि साइज ऑफसेटने धरता येतो. बाजूला सरकलेल्या भोकाला तर वायशिवाय पर्यायच नाही.

मी एका मोठ्या कारखान्यात प्लॅनिंगला आहे, आमच्याकडे नवीन मशीनची मागणी आली की मी पहिल्यांदा हीच ड्रॉइंगची छाननी करते.

भोसरी_वर्कशॉप
ताई, तुमचा मेसेज वाचून लगेच फाइल उघडली. एक फोर्ज्ड हाउसिंग आहे, ओडी ८०, महिन्याला १५०० नग, आत्ता बाहेरून जॉबवर्कने करून घेतो. त्यात ऑइलचं भोक सेंटरपासून ९ एमएम बाजूला आहे आणि १२ चा एक स्लॉट आहे. म्हणजे वाय लागणार असं दिसतंय. आधी हे लक्षातच आलं नव्हतं.

शिरोलीकर
लागणारच. आणि बघा, ते हाउसिंग ३ मिनिटांचं धरलं तर १५०० नगांना ७५ तास, हबच्या २६७ मध्ये मिळवले तर ३४२. तुमच्या ३५३ तासात बसतं. म्हणजे सब-स्पिंडलचे पैसे वाचवा आणि ते वायमध्ये घाला.

वाळूज_बारफीडर
हे पटलं. माझा अनुभव छोट्या बारच्या जॉबचा आहे, तिथे कट-ऑफ करतानाच सब-स्पिंडल जॉब धरतं, मागच्या बाजूचा टीट (कापताना उरणारं टोक) राहत नाही, हाताळणी शून्य. ६२ च्या तुकड्यांना तो फायदा मिळणार नाही. मी घाई केली सल्ला द्यायची.

चाकण_अ‍ॅप्लिकेशन
मी अ‍ॅप्लिकेशनला आहे, कंपनीचं नाव घेत नाही म्हणजे जाहिरात वाटणार नाही. कोटेशनमध्ये लोक स्पिंडलचे किलोवॅट आणि रॅपिड बघतात, पण लाइव्ह टूलच्या बाबतीत खरा प्रश्न टरेटचा असतो.

व्हीडीआय आणि बीएमटी असे दोन प्रकार भेटतील. व्हीडीआयमध्ये होल्डरची गोल दांडी टरेटच्या भोकात जाते आणि एका बोल्टने आवळते, बदलायला झटपट. पण प्रत्येक वेळी डायल लावून सरळ करावा लागतो, नाहीतर तुमचं आडवं भोक तिरकं जाणार. बीएमटीमध्ये होल्डर थेट टरेटच्या फेसवर कीमध्ये बसतो आणि ४ बोल्टने आवळतो, बदलायला वेळ लागतो पण मजबुती जास्त आणि परत लावला तर जवळपास तिथेच येतो. रोज सेटिंग बदलणाऱ्याला व्हीडीआय बरा, तुमच्यासारखा एकच जॉब महिनोन्‌महिने चालणार असेल तर बीएमटी. ८ इंच चकच्या मशीनला बीएमटी ५५ बऱ्याच ठिकाणी मिळतो.

आरपीएमही बघा. ५ एमएमचं कार्बाइड ड्रिल ईएन ८ ला ८० मीटरच्या कटिंग स्पीडने चालवायचं तर ५१०० आरपीएम लागतात. लाइव्ह टूल ४००० चं असेल तर ६३ मीटरवर थांबावं लागतं. ४ टॅपची ४ ड्रिल आणि एक आडवं, म्हणजे प्रत्येक नगाला ५ भोकं, महिन्याला २० हजार. तिथले ३-३ सेकंद मोजा म्हणजे ६००० आरपीएमच्या ऑप्शनचे पैसे योग्य आहेत का ते कळेल. त्याच वेळी एम ६ चा टॅप जेमतेम ६५० आरपीएमवर चालतो, म्हणून खालच्या आरपीएमला टॉर्क किती मिळतो त्याचा ग्राफ मागा, नुसता सगळ्यात वरचा किलोवॅटचा आकडा कामाचा नाही.

आणि रिजिड टॅपिंग (फिरणं आणि फीड जुळवून टॅप मारणं) लाइव्ह टूलला स्टँडर्ड आहे की ऑप्शन, हे लेखी घ्या. बऱ्याचदा मशीन शेडमध्ये आल्यावर कळतं की तो ऑप्शन घेतलेलाच नव्हता.

सातपूर_टर्निंग
यात होल्डरचा खर्च कोणी धरला नाही. मशीनसोबत बहुतेक वेळा १ सरळ आणि १ काटकोनी येतो. या हबला सरळ २ लागतील, ड्रिल आणि टॅप, आणि काटकोनी १. हाउसिंगला आणखी वेगळे. एकेक होल्डर चांगलाच महाग असतो आणि बिघडला तर दुसरा हाताशी नसेल तर मशीन उभं. मी मशीन घेताना हे धरलं नव्हतं आणि पहिल्या ६ महिन्यांत माझे हप्ते ओढाताणीत गेले. त्यामुळे होल्डर, कोलेट, स्पेअर सगळं मशीनच्या किमतीतच मिळवून मग दोन कंपन्यांची तुलना करा.

शिरोलीकर
होल्डरवरून आठवलं. सुरुवातीला आमच्या काटकोनी होल्डरमध्ये टॅप लावला, एम ०३ (सुलट फिरवायचा कोड) दिला आणि टॅप कडकन मोडला. होल्डरच्या आतल्या गिअरमुळे फिरण्याची दिशा उलटी होत होती. टॅप लावायच्या आधी होल्डर रिकामा २०० आरपीएमवर फिरवा आणि डोळ्यांनी दिशा बघा, मग प्रोग्रॅममध्ये एम ०३ की एम ०४ ते ठरवा.

आणि एक मोठा धडा सांगतो, आम्हाला फार महागात पडला. सी-अ‍ॅक्सिसला ब्रेक असतो, ड्रिल मारताना तो लावायचा आणि अँगल बदलताना सोडायचा, त्याचे एम कोड प्रत्येक मशीन बनवणाऱ्याचे वेगळे. आमच्या नवीन प्रोग्रॅमरने जुन्या मशीनचा प्रोग्रॅम उचलून टाकला, ब्रेकचा कोड या मशीनला वेगळा होता, अलार्म काहीच आला नाही. मशीन छान चालत होतं, आवाजही नॉर्मल. सकाळी इन्स्पेक्शनला नग लावले तर एका भोकाला ०.२ चा फरक. तेव्हा मी पीसीडीचा रेडियस २३ धरून गणित केलं, ०.२ म्हणजे जेमतेम अर्धा अंश. ड्रिल टेकताना स्पिंडल तेवढंच सरकत होतं. हात लावून कळत नाही, डोळ्याला दिसत नाही. तेव्हापासून आमच्याकडे नवीन प्रोग्रॅम आला की ब्रेक लावलेल्या स्थितीत चकला डायल लावून हाताने जोर देऊन बघतो, सुई हलली तर प्रोग्रॅम परत. ही सवय माझ्या सगळ्या सेटरना मी स्वतः उभं राहून लावली.

प्रॉडक्शनवाली
काका, हे प्रत्येक सेटरने भिंतीवर लावावं असं आहे.

एक भर घालते, जी ९८ आणि जी ९९. टर्निंगला आपण फीड दर फेऱ्याला (जी ९९) देतो, ड्रिलिंगला दर मिनिटाला (जी ९८). लाइव्ह टूलचं काम संपल्यावर परत जी ९९ द्यायचं राहिलं की पुढच्या टर्निंग टूलला ०.२ चा फीड म्हणजे मिनिटाला ०.२ एमएम, टूल जागच्या जागी घासत बसतं. आणि उलटं झालं तर सरळ धडक. प्रत्येक टूलच्या सुरुवातीला हा कोड लिहायचाच, आधीच्या टूलवर विसंबायचं नाही.

भोसरी_वर्कशॉप
आमच्याकडे २ मुलं आहेत, दोघंही आयटीआयची, दोन-अ‍ॅक्सिसला एकदम तयार. पण सी आणि वायचं प्रोग्रॅमिंग त्यांनी केलेलं नाही. यासाठी कॅम सॉफ्टवेअर (ड्रॉइंगवरून प्रोग्रॅम बनवणारं) घ्यावं लागेल का?

चाकण_अ‍ॅप्लिकेशन
या दोन जॉबना नाही लागणार. फॅनुकवर फेसचं ड्रिल जी ८३, साइडचं जी ८७, टॅपला जी ८४ आणि जी ८८, एवढं आलं की हबचा प्रोग्रॅम हाताने लिहून होतो. सिमेन्सवर तर स्क्रीनवरच विचारून विचारून भरून घेतात. मुलांना मशीन यायच्या आधी ट्रेनिंगला पाठवा. मशीनवाले देतातच, शिवाय छत्रपती संभाजीनगरच्या आयजीटीआर (इंडो-जर्मन टूल रूम) मध्येही सीएनसीचे कोर्स असतात. मशीन आल्यावर शिकायला बसलात तर पहिले २ हप्ते मशीन नुसतंच उभं राहील.

सातपूर_टर्निंग
लाइटचं काय? टॅप आत असताना लाइट गेली तर टॅपही गेला आणि जॉबही. तुमच्या भागात झटके येत असतील तर सर्व्हो स्टॅबिलायझर आणि मशीनला वेगळं अर्थिंग, यात काटकसर करू नका. लाइट जाताना टॅप बाहेर काढायची सोय कंट्रोलमध्ये आहे का ते पण विचारा.

शिरोलीकर
आणि कंपनी ठरवताना सर्व्हिस बघा. देशी असो, ज्योती, एस, एलएमडब्ल्यू, किंवा बाहेरची डीएन सोल्युशन्स, हास, माझाक, माझ्या मते तुमच्या या दोन जॉबना यातली बरीच मशीनं पुरतील. फरक पडतो तो टरेट अडकल्यावर इंजिनिअर किती तासांत येतो त्याने. आमचं एक मशीन, नाव घेत नाही, टरेटच्या क्लॅम्पिंगमध्ये बिघाड होऊन ९ दिवस उभं होतं कारण पार्ट बाहेरून यायचा होता. त्या ९ दिवसांत माझा जुना ग्राहक दुसरीकडे गेला, १२ वर्षांचा संबंध होता, अजून वाईट वाटतं. म्हणून ज्यांच्याकडे ते मशीन ३ वर्षं चाललंय अशा दोघांच्या शेडमध्ये स्वतः जाऊन, मालकाशी नाही, ऑपरेटरशी बोला. तो खरं सांगतो.

प्रॉडक्शनवाली
ऑर्डरच्या आधी तुमच्याच जॉबवर ट्रायल मागा. एक-दोन नग नाही, सलग ५०. मशीन गरम झाल्यावर बोअर किती सरकतो ते तेव्हाच दिसतं. आणि टरेटचा इंटरफिअरन्सचा नकाशा मागा, फेसवरचं लांब ड्रिल लावलं की शेजारच्या स्टेशनची बोअरिंग बार चकला लागते का ते कागदावर तपासा. १२ स्टेशन म्हणजे १२ टूल बसतातच असं नाही, लाइव्ह होल्डरच्या शेजारची एखादी जागा बऱ्याचदा रिकामी सोडावी लागते.

भोसरी_वर्कशॉप
तीन आठवड्यांनी परत लिहितोय, सगळ्यांना कळायला हवं म्हणून.

८ इंच चक, वाय-अ‍ॅक्सिस, बीएमटी ५५, लाइव्ह टूल ६००० आरपीएम, सब-स्पिंडल नाही, असं ठरवून दोन कंपन्यांकडे तेच एक पत्रक पाठवलं. रिजिड टॅपिंग, ३ सरळ आणि २ काटकोनी होल्डर, त्यातला प्रत्येकी एक स्पेअर, हे सगळं त्यातच लिहिलं. एकाचं कोटेशन आधी स्वस्त वाटत होतं, होल्डर आणि ऑप्शन मिळवल्यावर दोघांत फार फरक उरला नाही.

मधल्या काळात काकांच्या सांगण्यावरून जुन्याच मशीनवर बोअर ऑप २० ला हलवला, नवीन मशीनची वाट न बघता. व्हीएमसीच्या फिक्स्चरलाही आता तोच बोअर पकडतो. पोझिशनचं रिजेक्शन खूप खाली आलंय, ४५ अंशाचं अजून आहे, ते पिलर ड्रिल बंद होईपर्यंत राहणारच.

काल एका शेडमध्ये जाऊन आलो, तिथला ऑपरेटर आपल्या साताऱ्याकडचा निघाला, दीड तास बोललो. त्याने टरेटचं कव्हर उघडून दाखवलं, ड्राइव्हच्या दातांवर कूलंटचा चिकट थर साचतो तो कुठून साफ करायचा ते पण सांगितलं. येत्या मंगळवारी ट्रायल आहे. ऑप १० केलेले ६० तुकडे पेटीत भरून ठेवलेत, ५० ट्रायलचे आणि १० सेटिंगला, आणि डायल पण सोबत नेतोय, ब्रेक लावून चकला जोर देऊन बघायला.

शिरोलीकर
पहिला, पंचविसावा आणि पन्नासावा नग वेगळा काढून त्यावर मार्करने नंबर टाका. मोजमाप इथे लिहा, वाट बघतो.